उतार पूर्वेकडे

बाबूघाटावर उभं राहिलं की कोलकाता हुगळीकडे तोंड करून बसलंय असं वाटतं. घाटाच्या पायऱ्या, फेरीबोटी, पलीकडे हावडा, कागदाच्या पुड्यात झालमुरी घेऊन रेंगाळणारी माणसं, सगळ्यांची नजर पश्चिमेला. जमीन मात्र उलट दिशेला कललेली आहे. हुगळीने शेकडो वर्षं पुरागणिक गाळ टाकून आपले काठ उंच केले, आणि काठापासून पूर्वेकडे जमीन उतरत गेली. चालणाऱ्याला हा उतार जाणवत नाही, पाण्याला जाणवतो. 19व्या शतकात विल्यम क्लार्क या अभियंत्याने शहराची भुयारी गटारं आखली ती याच उताराच्या आधाराने. तेव्हापासून मध्य कोलकात्याचं मैलापाणी नदीकडे पाठ फिरवून पूर्वेला जातं. आपल्याकडे पुणे, नाशिक, कोल्हापूर, सांगली, कुठलंही नदीकाठचं शहर घ्या. नाला शेवटी नदीलाच मिळणार हे आपण इतकं धरून चाललेलो असतो की नदी सुधारायची म्हणजे नाल्याच्या तोंडाशी यंत्रं बसवायची, यापुढे चर्चा सरकत नाही. कोलकात्यात व्हिक्टोरिया मेमोरियल आणि दक्षिणेश्वर पाहायला सगळेच जातात. मी निघालो तो या गटारांच्या मागोमाग, पूर्वेला.

पार्क सर्कस मागे पडलं की शहराचा नूर बदलतो. तोपसिया आणि तांगडा ही चामडं कमावणाऱ्यांची जुनी वस्ती. चीनमधून आलेल्या हाक्का कुटुंबांनी इथे टॅनऱ्या उभारल्या आणि त्या पिढ्यान्‌पिढ्या चालवल्या. 1996 साली सर्वोच्च न्यायालयाने त्या शहराबाहेर हलवण्याचा आदेश दिला, आणि पुढे बानतल्याला चर्मोद्योगाची वेगळी वसाहत झाली. तांगड्यात उरली ती लाल दिव्यांची उपाहारगृहं आणि चिली चिकनचा वास. त्या वासाखाली दुसराही एक वास आहे, पंपिंग स्टेशनचा. इथला माणूस त्याबद्दल नाक मुरडत नाही. रस्ता विचारला की ‘दादा’ म्हणून सुरुवात होते, चहाच्या टपरीवरचे चौघे आपापली मतं मांडतात, एकमेकांना खोडून काढतात, आणि मातीच्या भांड्यातला चहा संपेपर्यंत तुम्हाला जायचंय तिथे कसं जायचं याबरोबरच तिथला मासा अलीकडे का महागला हेही कळतं. पुण्यात सांडपाण्याचा नाला कुठे जातो असं कुणाला विचारून पाहावं. उत्तराऐवजी महापालिकेचा उद्धार ऐकू येईल. इथल्या लोकांना आपलं पाणी कुठे जातं ते माहीत आहे, कारण ते ताटात परत येतं.

सायन्स सिटीपाशी बायपास ओलांडला की काळ्या पाण्याचे कालवे उघड्यावर येतात. एक रोजच्या मैलापाण्याचा, दुसरा पावसाच्या लोंढ्याचा. दोन्ही पूर्वेला कुलटी नदीकडे जातात आणि तिच्या वाटेने सुंदरबनच्या खाड्यांना मिळतात. डाव्या हाताला धापा, शहराच्या कचऱ्याचा डोंगर. त्याच्या पायथ्याशी जुन्या कचऱ्याच्या मातीवर 19व्या शतकाच्या अखेरीपासून भाजी पिकते. फ्लॉवर, पालक, मका, दोडके, मधल्या चरांमध्ये पाणी. वर धुमसणारा कचरा आणि खाली हिरवेगार वाफे हे चित्र कुणाला भीषण वाटेल, कुणाला काटकसरीचा नमुना. मला ते दोन्ही वाटलं आणि त्यात काही विसंगती आहे असं वाटलं नाही.

बासंती महामार्गाने आणखी पुढे गेलं की उजवी-डावीकडे पाणी पसरतं. हेच ते पूर्व कोलकात्याचे पाणथळ क्षेत्र. सुमारे 12,500 हेक्टर, त्यात भाताची खाचरं, भाजीचे मळे आणि अडीचशेच्या आसपास भेऱ्या, म्हणजे मैलापाण्यावर चालणारी मत्स्यतळी. काही भेऱ्या गावतळ्याएवढ्या, काही इतक्या मोठ्या की पलीकडचे टॉवर पाण्यात पाय सोडून बसल्यासारखे दिसतात. कमरेएवढं किंवा त्याहून थोडं अधिक पाणी, हिरवट, आणि वास जवळजवळ नाही. दोनशे पावलांवर कालव्यातलं काळं पाणी नकोसं होतं आणि इथे बगळा उभा असतो. बांधालगत जलपर्णीचा पट्टा बांबूंनी अडकवून ठेवलेला आहे. जलपर्णी म्हटलं की आपल्याकडे ती काढायच्या निविदा निघतात; इथे ती मुद्दाम राखतात. लाटांनी मातीचा बांध ढासळू नये म्हणून, उन्हात माशाला सावली मिळावी म्हणून, पाण्यातले काही जड धातू तिच्या मुळांनी ओढून घ्यावेत म्हणून. ती पट्ट्याबाहेर सरकली की मात्र लगेच उपसली जाते.

या पाण्यात घडतं ते समजून घेण्यासारखं आहे, कारण पुढचा सगळा वाद त्यावर उभा आहे. हिवाळ्यात भेरी रिकामी करतात, तळ उन्हात तापू देतात, चुना आणि मोहाची पेंड टाकतात. मग कालव्यातून मैलापाणी आत घेतात आणि दोन-तीन आठवडे त्याला हात लावत नाहीत. पाणी उथळ असल्याने ऊन तळापर्यंत पोचतं. जिवाणू घाण कुजवून तिचं खत करतात, त्या खतावर शेवाळ वाढतं, शेवाळ दिवसा पाण्यात प्राणवायू सोडतं आणि तो पुन्हा जिवाणूंना मिळतो. ही देवघेव बाहेरच्या विजेशिवाय चालते. पण तिला एक खोट आहे. शेवाळ बेसुमार माजलं तर तेच मरून कुजतं आणि पाणी पुन्हा नासतं. तिथे मासा उपयोगी पडतो. रोहू, कटला, मृगल, सिल्व्हर कार्प, चिलापी यांतला कुणी वरच्या थरात चरतो, कुणी मधल्या, कुणी तळाशी, आणि शेवाळाचं पीक सतत कापलं जातं. सगळं बीज एकदम सोडत नाहीत. आधी थोडे मासे सोडून ते तग धरतात का ते पाहतात, मग बाकीचे. नंतरही मैलापाणी थोडंथोडं, पाण्याचा रंग बघून. नीट चाललेल्या भेऱ्यांत सेंद्रिय घाण 80 टक्क्यांहून अधिक कमी होते असं अभ्यासांत आढळलं आहे, आणि विष्ठेतले जिवाणू त्याहूनही जास्त प्रमाणात मरतात. निसर्ग स्वतःला शुद्ध करतो असं आपण सैलपणे म्हणतो. इथे निसर्गाला रोज कुणीतरी कामाला लावतं, आणि कधी थांबायचं हेही ठरवतं.

माझं म्हणणं एवढंच आहे की ही पाणथळ कामामुळे पाणथळ राहिली आहे, आणि ती जाईल तर काम थांबल्यामुळे जाईल. तिचा इतिहासच याला पुरावा आहे. शंभर वर्षांपूर्वी इथे गोडं पाणी नव्हतंच. विद्याधरी नदीतून भरतीचं खारं पाणी यायचं, म्हणून ही खाऱ्या तळ्यांची जागा, आणि मासाही खाऱ्या पाण्यातला. नदी गाळाने भरत गेली आणि 1928 साली सरकारने ती मृत ठरवली. खारं पाणी आटलं, शहराचं मैलापाणी मात्र येत राहिलं. तेव्हा इथल्या मच्छीमारांनी त्यातच गोड्या पाण्याचा मासा वाढवून पाहिला. कुठल्या संस्थेने आराखडा दिला नव्हता. इंजिनिअर मंडळींना याचा पत्ता पुष्कळ उशिरा लागला. 1980च्या दशकात राज्य सरकारचे अभियंते ध्रुवज्योती घोष शहराचं मैलापाणी शेवटी जातं कुठे याचा माग काढत इथे पोचले आणि त्यांना दिसलं की शुद्धीकरण केंद्र बांधण्याआधीच ते चालू आहे. या प्रदेशाचं नाव, नकाशा आणि जागतिक ओळख, तिन्ही मोठ्या प्रमाणात त्यांच्या खटपटीतून आलं. 2018 साली ते गेले. ते अखेरपर्यंत मच्छीमारांनाच इथले परिसरशास्त्रज्ञ मानत राहिले, आणि ही काही नम्रतेची पोज नव्हती; पाण्याच्या रंगावरून त्यातला प्राणवायू ओळखणारी माणसं त्यांनी रोज पाहिली होती.

काम टिकायला गिऱ्हाईक लागतं, आणि इथे बंगाली जिभेचा मोठा वाटा आहे. पहाटे भेरीवर जाळं ओढतात, कमरेएवढ्या पाण्यात माणसांची रांग दोन्ही टोकांनी आवळत येते, आणि उजाडता उजाडता अडतीवर लिलाव सुरू होतो. मासा जिवंत हवा. ॲल्युमिनियमच्या हंड्यांत पाणी आणि पाण्यात मासे, हंडा सायकलला किंवा रिक्षाव्हॅनला बांधलेला, आणि शेजारचा माणूस तळहाताने पाणी सतत थापटत असतो. त्या थापटण्याने हवा पाण्यात मिसळते आणि मासा बाजारापर्यंत जगतो. माणिकतल्याच्या बाजारात गिऱ्हाईक कल्ला उचलून बघतं, भावावरून हुज्जत घालतं, मग विक्रेता पायाखाली धरलेल्या बोंटीवर मासा चालवतो. ही बोंटी म्हणजे थेट आपली विळी, फक्त पातं उंच. घरी त्याचा बटाटा घातलेला पातळ झोल होतो आणि भातावर जातो. आता आपल्याकडे बघा. कोकणातल्या माणसाला गोड्या पाण्यातला मासा म्हणजे चिखलाचा वास. पापलेट-सुरमईपुढे रोहूची गणना नाही. देशावर मरळ, शिवडा, वांब यांना चाहते आहेत, पण रोजच्या जेवणात त्यांना जागा नाही. म्हणून आपल्या तळ्याचं मोल आपण त्याच्याकडे नुसतं पाहून ठरवतो. बंगाली माणूस तळ्याचं मोल किलोवर ठरवतो, आणि मला वाटतं तळ्याच्या दृष्टीने हे अधिक हिताचं आहे.

इथे कुणीही समंजस वाचक थांबवेल. मैलापाण्यातला मासा खायचा? रोगजंतूंचं सोडा, शिसं, क्रोमियम, कॅडमियम यांचं काय? आक्षेप खरा आहे आणि तो भावनेने उडवून लावता येत नाही. भेऱ्यांच्या गाळात जड धातू सापडले आहेत. माशांवरचे अभ्यास एकमेकांशी जुळत नाहीत. काहींत प्रमाण मर्यादेत आढळतं, काहींत काही धातूंचं वर जातं. धातू माशाच्या यकृतात आणि कल्ल्यांत जास्त साठतात, खाल्ल्या जाणाऱ्या मांसात कमी, ही दिलाशाची गोष्ट, पण पुरेशी नाही. मात्र हा आक्षेप नेमका कुणावर आहे ते पाहायला हवं. हे धातू माणसाच्या मैल्यातून फारसे येत नाहीत. ते कारखान्यातून, गॅरेजमधून, बॅटरी फोडण्याच्या कोपऱ्यातून येतात. आणि यांत्रिक शुद्धीकरण केंद्रातही ते नाहीसे होत नाहीत, बरेचसे तिथल्या गाळात जाऊन बसतात. तेव्हा धातू उगमाशीच अडवा, हे उत्तर भेरीला लागू आहे तितकंच यंत्रालाही. जागतिक आरोग्य संघटनेने 2006 साली मैलापाण्यावरच्या शेती आणि मत्स्यपालनासाठी मार्गदर्शक सूचना काढल्या त्या याच भूमिकेतून. जगभर लोक हे करतच आहेत, तर ते सुरक्षित कसं होईल ते पाहा. कोलकात्यात उणीव आहे ती नियमित, भेरीनिहाय तपासणीची आणि तिचे आकडे बाजारातल्या गिऱ्हाइकापुढे ठेवण्याची.

दुसरा आक्षेप आपल्या शहरांतल्या अभियंत्यांचा. एका शहरासाठी 12,500 हेक्टर? मुंबईत तेवढ्यात किती उपनगरं बसतील! बरोबर आहे, मुंबईने कोलकात्याची नक्कल करू नये, तिला ती जमणारही नाही. पण पुण्याची गोष्ट पाहण्यासारखी आहे. पुणे आणि पिंपरी-चिंचवडचं पाणी मुळा-मुठेतून भीमेत आणि भीमेतून उजनीत जातं. तिथे जलपर्णी आहे, चिलापी आहे, भिगवणचा मासळी बाजार आहे, हिवाळ्यात रोहित पक्षी आहेत. वरवर पाहिलं तर हे महाराष्ट्राचं पूर्व कोलकाताच. फरक असा की उजनी खोल आहे, तिच्यात येणाऱ्या मैल्याचं प्रमाण कुणी झडप फिरवून ठरवत नाही, आणि तेच पाणी सोलापूर पितं. म्हणजे कोलकात्याने जे वेगळं काढून, उथळ करून, माणसं नेमून केलं, ते आपण विनाआराखडा, पिण्याच्या पाण्यात करतो आहोत आणि वर स्वतःला आधुनिक समजतो आहोत. प्रश्न पाणथळ की यंत्र असा नाही. जे शहर पाणथळीवर चाललं आहे त्याने ती गमावली तर बदल्यात किती यंत्रं, किती वीज आणि किती भाजी-मासळी विकत आणावी लागेल, हा हिशोब आधी मांडावा लागेल. दिवसाला 75 ते 90 कोटी लिटर मैलापाणी पूर्वेला येतं असे आकडे दिले जातात. तेवढ्या पाण्याचा हिशोब टॉवरवाल्यांनी केलेला दिसत नाही.

कोलकात्यात कालव्यावरच्या बानतल्याच्या झडपांपाशी या सगळ्याची नाडी आहे. झडपा खाली असल्या की कालव्यातली पातळी चढते आणि पाणी आपल्या वजनाने भेऱ्यांत जातं. झडपा उघडल्या की पातळी उतरते, शहर लवकर कोरडं होतं आणि भेऱ्या उपाशी राहतात. पावसाळ्यात गुडघाभर पाण्यात उभ्या असलेल्या नागरिकाला झडप उघडी हवी, मच्छीमाराला बंद. दोघांचं म्हणणं रास्त, आणि निवाडा करणारा अधिकारी शहराच्या बाजूचा, कारण फोन तिकडूनच येतात. त्यात कालवे आणि तळी गाळाने भरत चालली आहेत. पाणी वर्षभर नीट आलं नाही की पीक घटतं, मालक म्हणतो परवडत नाही, बांधाची डागडुजी थांबते, भेरी वाळते, आणि वाळलेली जमीन मग घरांसाठी आपोआप मोकळी होते. भराव घालायला रात्रीचे ट्रक येतात हे सगळ्यांना दिसतं. त्याच्या आधी पाणी यायचं थांबलं होतं हे कुणाला दिसत नाही. मजुरांची स्थितीही गोड करून सांगण्यासारखी नाही. काही भेऱ्या सहकारी आहेत, काही सरकारी, बऱ्याच खाजगी, आणि खाजगीत मजुरी तुटपुंजी. मुलगा शेजारच्या सॉल्ट लेक या उपनगरात, सेक्टर फाइव्हमध्ये पहारेकरी झाला तर जास्त मिळवतो. त्याला भेरीत थांब म्हणण्याचा हक्क पर्यटकाला नाही. पण शहराची घाण स्वच्छ करण्याचं काम तो फुकट करत होता, माशाच्या भावातून भागेल या भरवशावर, हे शहराने मान्य करायला हरकत नाही.

कायदे आहेत, आणि एकेकाळी ते कामी आले. 1992 साली एका नागरिक संघटनेच्या याचिकेवर कलकत्ता उच्च न्यायालयाने इथल्या जमिनीचा वापर बदलायला मनाई केली. 2002 साली हे क्षेत्र पाणथळ जागांच्या जागतिक रामसर यादीत गेलं, 2006 साली राज्याने स्वतंत्र कायदा करून प्राधिकरण नेमलं. हे नसतं तर आज कदाचित बासंती रस्त्याला दोन्हीकडे काचेच्या इमारती असत्या. पण यातल्या प्रत्येकाने जमिनीची सीमा राखली, पाण्याची पातळी नाही. नकाशावर निळा असलेला भूखंड प्रत्यक्षात कोरडा पडला तर कायद्याचा भंग नेमका कुणी केला ते सिद्ध होत नाही. रामसर करारात सुज्ञ वापर ही मूळ कल्पना आहे. आपण यादीत नाव आलं की वापर बंद आणि पक्षीनिरीक्षण सुरू असा तिचा अर्थ लावतो. नांदूर मधमेश्वर 2020 साली यादीत आलं तेव्हा बातम्यांत पक्ष्यांच्या जाती मोजल्या गेल्या. काठच्या मच्छीमारांचं आणि शेतकऱ्यांचं काय, हे बातमीत शोधावं लागलं.

परतीची वाट सॉल्ट लेकमधून. रुंद रस्ते, बागा, ओळीत घरं. बिधानचंद्र रॉय मुख्यमंत्री असताना, 1962 साली, इथल्या खाऱ्या तळ्यांत हुगळीतला गाळ नळांतून आणून ओतायला सुरुवात झाली, युगोस्लाव्ह कंपनीच्या देखरेखीखाली. शहराला घरं हवी होती हे खोटं नाही. फाळणीने आलेली माणसं फलाटांवर राहत होती. पण ज्या वस्तीला तळ्याचं नाव मिळालं तिथे तळं उरलं नाही. तिच्या कडेला नलबन ही सरकारी भेरी आहे. तिथे नौकाविहार आहे, खाण्याची दुकानं आहेत, जोडपी आहेत. जागा सुखावह आहे, यात शंका नाही. पण आपल्याकडे तळ्याच्या सुशोभीकरणाचा प्रस्ताव येतो तेव्हा डोळ्यांपुढे नेमकं हेच असतं: दगडी काठ, फरसबंद पायवाट, कारंजं, मावळतीला रंगीत दिवे. मच्छीमाराची होडी, म्हशी, धोब्याचा घाट या गोष्टी आधी हटतात. त्यांच्याबरोबर तळ्यावर रोज नजर ठेवणारी माणसंही हटतात, आणि दोन वर्षांनी पाणी हिरवं होऊन वास सुटला की आपल्याला आश्चर्य वाटतं.

कोलकात्याच्या प्राधिकरणाकडून माझ्या अपेक्षा फार नाहीत. प्रत्येक भेरीची खोली आणि तिला मिळणारं मैलापाणी महिन्याकाठी मोजावं, आकडे जाहीर करावेत, आणि झडपा फिरवण्याच्या निर्णयात मच्छीमारांना मत असावं. नव्या कायद्याची गरज नाही. आणि वाचकांना एक सांगणं: तुमच्या गावच्या तळ्याच्या सुशोभीकरणाची फाइल महापालिकेत हलेल तेव्हा हरकती-सूचनांच्या मुदतीत दोन प्रश्न लिहून द्या. तळ्यात आज येणारं सांडपाणी काम झाल्यावर कुठे जाणार, आणि तळ्यावर आज पोट भरणारी माणसं कुठे जाणार. लेखी उत्तर मिळेपर्यंत पाठपुरावा सोडू नका.